डाळिंबाच्या बागेतले क्षयाचे औषध

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत सहा ग्रॅमची एक पुडी वर्षानुवर्षे विकली गेली. शेतकरी तिला नुसते ‘स्ट्रेप्टो’ म्हणतात. पुडीवर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात: स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट ९० टक्के, टेट्रासायक्लीन हायड्रोक्लोराइड १० टक्के. डाळिंबवाल्याच्या लेखी हे तेल्यावरचे औषध. पण ही दोन्ही नावे मुळात माणसांच्या दवाखान्यातली आहेत. मी डॉक्टर नाही आणि कृषी पदवीधरही नाही. पुस्तके, औषधांची लेबले आणि शेतकऱ्यांच्या फवारणीच्या वह्या वाचत मी या औषधाचा दवाखान्यापासून बागेपर्यंतचा प्रवास समजून घेत आलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत लागला. मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते वेगळे करण्याचे काम अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने केले. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले. क्षयावर चालणारे हे पहिले प्रतिजैविक. ब्रिटनमध्ये त्याची जी चाचणी झाली आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचे आकडे आजही विचार करायला लावतात. ५५ रुग्णांना औषध दिले, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ४ दगावले होते, दुसऱ्या गटातले १४. चमत्कारच म्हणायचा. पण पाच वर्षांनी मोजदाद केली तेव्हा मृतांचा आकडा अनुक्रमे ३२ आणि ३५ झाला होता. बहुतेक रुग्णांच्या शरीरातला क्षयाचा जंतू मधल्या काळात औषधाला सरावला होता. क्षयावर एकटे औषध कधी देऊ नये, दोन-तीन मिळून द्यावीत, हा धडा तिथून मिळाला.

पुढचा दुवा आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. आधी पेनिसिलिन, मग स्ट्रेप्टोमायसिन तिथे तयार होऊ लागले. याच कारखान्याने शेतीसाठी स्ट्रेप्टोसायक्लीन बाजारात आणले. परदेशी औषधावर अवलंबून असलेल्या देशाला ही अभिमानाची गोष्ट होती, आणि पिकांचे जिवाणूजन्य रोग आवरायला तीच विद्या वापरावी असे वाटणेही स्वाभाविक होते.

आता बागेकडे वळू. नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या या मुलखात कालव्याखाली ऊस उभा राहिला. जिथे पाणी कमी तिथे डाळिंबाने संसार सावरले. त्याच डाळिंबावर तेल्या आला. झँथोमोनस जातीचा जिवाणू पानांच्या छिद्रांतून आणि जखमांतून आत शिरतो. पानावर, फांदीवर, फळावर तेलकट डाग पडतात आणि फळ तडकते. पावसाचे उडणारे थेंब, छाटणीची कात्री आणि रोगट गुटीची रोपे यांच्यामार्फत तो पसरतो. मृग बहार धरलेला असला की ऐन पावसात फळ पोसायचे असते, म्हणजे जंतूचीही सुगीच. डोळ्यांदेखत माल जाताना पाहणारा माणूस हाताला लागेल ते फवारणारच. त्याला दोष देऊन भागत नाही.

शिफारस साधारण लिटरला अर्धा ग्रॅमची असे, सोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड. दोनशे लिटरच्या टाकीला शंभर ग्रॅम पावडर. तिच्यात नव्वद ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट, आणि सल्फेटचा भाग वजा केला तर सुमारे ७२ ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या क्षयरोग कार्यक्रमात, आजार उलटलेल्या रुग्णाला पाऊण ग्रॅमची २४ इंजेक्शने दिली जात, म्हणजे १८ ग्रॅम. एका टाकीत चार रुग्णांचे औषध. आणि फवारणी काही हंगामात एकदाच होत नाही.

दुष्परिणामांबद्दल बोलताना आधी एक गैरसमज दूर करायला हवा. फवारलेले डाळिंब खाल्ल्याने कान जातात असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. स्ट्रेप्टोमायसिन पोटातून रक्तात फारसे शोषलेच जात नाही, म्हणून तर ते सुईने द्यावे लागते. सुईने दिल्यावर मात्र आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरू शकतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. चक्कर येते, तोल जातो, ऐकू येणे कमी होते. मूत्रपिंडावरही ताण पडतो. गर्भवतीला ते टाळतात, कारण बाळाच्या कानाला धोका. टेट्रासायक्लीनची तऱ्हा वेगळी. ते कॅल्शियमला चिकटते, म्हणून आठ वर्षांखालील मुलांच्या घडत्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग ठेवू शकते, आणि दुधासोबत घेतले तर अंगी लागत नाही. स्ट्रेप्टोमायसिन हाताळणाऱ्या परिचारिकांच्या हातांना त्वचेचा दाह होई, हे फार पूर्वीपासून नोंदलेले आहे. उघड्या हाताने टाकीत पावडर ढवळणाऱ्या मजुराला हे कुणी सांगितलेले नसते.

पण सगळ्यात मोठा दुष्परिणाम औषध घेणाऱ्याच्या अंगात दिसतच नाही. फवारणीने सगळे जिवाणू मरत नाहीत. ज्यांना औषध बाधत नाही ते उरतात आणि वाढतात. शिवाय बरेच जिवाणू ही ताकद शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात. अमेरिकेत सफरचंद-नाशपातीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिन फवारले जाई. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला दाद न देणारा रोगजंतू सापडला. पुढे अशा बागांतल्या जंतूंत जी प्रतिकाराची जनुके आढळली, तीच माणसांच्या आणि जनावरांच्या जिवाणूंतही आहेत. इथेही नेमके बोलावे: क्षयाचा जंतू अशी उसनवारी करत नाही, तो स्वतःच्या जनुकांतल्या बदलानेच सरावतो. त्यामुळे इंदापूरच्या फवाऱ्याने क्षय बळावला असे म्हणता येणार नाही. धोका आहे तो मातीतल्या, पाण्यातल्या, आपल्या आतड्यातल्या देवाणघेवाण करणाऱ्या जिवाणूंचा. आणि त्यांतलेच काही उद्या जखमेत किंवा लघवीच्या मार्गात शिरतात.

गोठ्यातही हेच चालते. कासदाह झालेल्या गाईच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली की ठरावीक दिवस तिचे दूध बाजूला ठेवायचे असते. ते डेअरीच्या कॅनमध्ये गेले तर विरजणातले जिवाणू मरतात आणि दही नीट लागत नाही. डोळ्यांना न दिसणारे औषध इथे स्वयंपाकघरात उघडे पडते. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जाणारे कोलिस्टिन तर माणसासाठी अगदी शेवटी राखून ठेवलेले औषध. पशुपालनातला त्याचा वापर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला.

स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लीनबाबत केंद्रीय कृषी मंत्रालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी मसुदा आदेश काढला. शेतीसाठी आयात आणि उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून आणि वापर १ जानेवारी २०२४ पासून थांबवावा, असे त्यात म्हटले होते. दिशा योग्यच आहे. पण नुसते ‘वापरू नका’ सांगून कर्जावर बाग लावलेल्या माणसाचे भागत नाही. त्याला हेही सांगावे लागते की पडलेला डाग या औषधाने जात नाही. ते फार तर नवा डाग लांबवते. खरी राखण दुसरीकडे आहे: निरोगी मातृवृक्षाची रोपे, पाऊस टाळणारा हस्त बहार, पुरेशी विश्रांती, रोगट फांद्या छाटून जाळणे, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करणे, एक टक्का बोर्डो मिश्रण. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच गोष्टींवर भर देते.

अडचण एवढीच की ही कामे गावाने मिळून करायची आहेत. एकाने बाग स्वच्छ ठेवली आणि शेजाऱ्याने रोगट फळे बांधावर टाकली, तर पुढच्या पावसात दोघांचेही नुकसान होते. औषधाचेही तसेच आहे. ते ज्याने विकत घेतले त्याच्या एकट्याच्या मालकीचे राहत नाही. त्याची ताकद सगळ्यांची मिळून असते आणि एकाने उधळली तरी सगळ्यांची कमी होते. पाण्याच्या पाळीसाठी आपल्याकडे नियम आहेत, भांडणे आहेत, समजुती आहेत. पुढच्या ग्रामसभेत पाण्याच्या विषयाच्या खाली तेल्याचा आणि औषधांचा विषयही लिहिला जावा, एवढी अपेक्षा फार नाही.