देवनारचा आराखडा काढण्याआधी अणुशक्तीनगर बघा

देवनारच्या कचराभूमीवरचा सुमारे १८५ लाख टन कचरा उपसायचा आणि तिथल्या १२४ एकरांवर धारावीतल्या लोकांना घरं द्यायची, या बेतावर बराच काळ वाद चालू आहे. ती जमीन राहण्याजोगी होणार का आणि कंत्राट कुणाच्या खिशात गेलं, यापलीकडे तो वाद फारसा सरकत नाही. वस्ती आखायची म्हणजे काय काय आखायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. गोवंडीकरांना त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. सायन-ट्रॉम्बे रस्ता ओलांडला की अणुशक्तीनगर लागतं.

ही अणुऊर्जा खात्याच्या कर्मचाऱ्यांची कॉलनी. मालक सरकार असलं तरी जातकुळी किर्लोस्करवाडीची, वालचंदनगरची, विक्रोळीच्या गोदरेजची. कामावर माणूस वेळेवर आणि धडधाकट पोहोचायला हवा, म्हणून घर, शाळा, दवाखाना सगळं मालकच बांधतो. ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ मध्ये ट्रॉम्बेला सुरू झाली आणि शास्त्रज्ञांपासून फिटरपर्यंत हजारो माणसांना जवळ राहायला जागा लागू लागली. क्वार्टर मिळतं ते पगाराच्या श्रेणीनुसार. पण शास्त्रज्ञाचं आणि फिटरचं मूल अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या त्याच शाळांत, चालत जातं. रुग्णालय आवारातच, मैदानं हाकेच्या अंतरावर. माझ्या मते या कॉलनीचं खरं बळ मात्र एका कंटाळवाण्या गोष्टीत आहे. बांधकाम, घरवाटप आणि देखभाल यांसाठी खात्याचं एकच संचालनालय आहे. छत गळलं तर कुठे जायचं हे रहिवाशाला ठाऊक असतं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, पण राहतो तोवर तो बेवारस नसतो.

आता रस्त्याच्या अलीकडे या. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, या दोन्हीही आखलेल्याच वसाहती. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत घर गेलेल्यांना इथे २२५ चौरस फुटांची पक्की घरं मिळाली. पण नटवर पारेखमध्ये दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ च्या सुमारास इथे पाहणी केली, तेव्हा जवळच्याच पण मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी कॉलनीपेक्षा या दोन ठिकाणी क्षयाचे रुग्ण कितीतरी जास्त सापडले. ऊन आणि वारा नकाशातच कापला गेला होता. त्याची किंमत माणसं फुप्फुसांनी मोजत आहेत.

तरीही अणुशक्तीनगर जसंच्या तसं उचलून देवनारला ठेवा, असं मला म्हणायचं नाही. कारण त्याच्या नकाशाखाली आणखी एक नकाशा आहे. तिथे जनता कॉलनी होती. शहरातून हुसकावलेल्या लोकांना पालिकेनेच तिथे वसवलं होतं. पुढे ती जमीन अणुऊर्जा खात्याला हवी झाली, आणि खात्यासमोर उभा राहिला जोकिन अर्पुथम नावाचा तरुण सुतार. हा माणूस वाढला कोलारच्या सोन्याच्या खाणींवर, म्हणजे तोही कंपनीच्याच गावातला. मालकाने आखलेल्या वस्तीत काय मिळतं आणि कुणाच्या मर्जीने मिळतं, हे त्याने लहानपणीच पाहिलं असणार. जनता कॉलनीतला कचरा पालिका उचलेना, तेव्हा त्याने वस्तीतल्या पोरांना गोळा केलं. प्रत्येकाने कागदात थोडाथोडा कचरा बांधून घेतला आणि सगळ्यांनी तो पालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन टाकला. पालिकेला दखल घ्यावीच लागली. जमिनीसाठी तो वर्षानुवर्षं कोर्टात लढला. पण आणीबाणी आली, आणि १७ मे १९७६ रोजी सुमारे ७० हजार माणसांची ती वस्ती पोलीस बंदोबस्तात उठवली गेली.

त्यांना नेलं ते खाडीकाठच्या दलदलीत, चीता कॅम्पला. चीता कॅम्पही आखलेला आहे, हे आपण विसरतो. अक्षरांनी ओळखले जाणारे सेक्टर, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, कुटुंबामागे दहा बाय पंधरा फुटांचा तुकडा. गाळात भर घालून घर उभं करायचं काम ज्याचं त्याने करायचं. एकाच जमिनीच्या निर्णयातून दोन आराखडे निघाले. एकाच्या दिमतीला अख्खं संचालनालय, दुसऱ्याच्या वाट्याला खडूच्या रेघा. आज दोन्ही वस्त्या एकाच विधानसभा मतदारसंघात आहेत आणि त्याचं नाव अणुशक्तीनगर आहे. जोकिनने राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभारला, २००० साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. जनता कॉलनी परत मिळाली नाही.

म्हणून देवनारचा आराखडा मंजुरीआधी लोकांसमोर यायला हवा. मजले किती हे नंतर सांगा. दोन इमारतींमध्ये अंतर किती, शाळेचा भूखंड कुठे आणि दहा वर्षांनी पंप बिघडला तर कोणत्या कार्यालयाचं दार ठोठावायचं, हे त्यात आधी लिहा. आणि कचराभूमीला खेटून रफिकनगर, शांतीनगरात भंगार वेचून पोट भरणारी जी कुटुंबं आहेत, त्यांचं कामही कचऱ्याबरोबर जाणार आहे. त्यांचं घर आणि रोजगार यांचं काय, याचं लेखी उत्तर सरकारने धारावीकरांसाठी पहिली वीट रचण्याआधी द्यायला हवं.