संगणकाची जुळणी आणि पैशाची वाटणी

संगणक ही आता केवळ मोठ्या कचेऱ्यांची मिरास राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करून त्याची संपादित फिल्म यजमानांना देणारा, आणि उरलेल्या वेळात प्रोग्रॅमिंग शिकून त्यातही चार पैसे मिळवू पाहणारा तरुण आज सर्वत्र आढळतो. त्याच्या दृष्टीने संगणक म्हणजे सुताराचा रंधा किंवा शिंप्याचे मशीन होय. ते घेण्यासाठी घरातील शिल्लक मोडावी लागते, क्वचित कर्जही काढावे लागते. असे हत्यार चुकीचे निघाले तर नुसती हौस वाया जात नाही, दोन-तीन वर्षांची कमाई अडते. म्हणून मध्यम खर्चात, प्रोग्रॅमिंग व व्हिडिओ संपादन ह्या दोन्ही कामांना पुरे पडेल असा संगणक सुटे भाग घेऊन कसा जुळवावा, ह्याचा थोडा शास्त्रशुद्ध विचार येथे करावयाचा आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले की दुकानदार प्रथम विचारतो, "बजेट किती?" हा प्रश्न व्यापाराच्या दृष्टीने रास्तच आहे, परंतु गिऱ्हाइकाने त्यापूर्वी स्वतःला दुसरा प्रश्न विचारलेला असला पाहिजे. तो असा की, माझ्या कामात मला वाट कोठे पाहावी लागते? संगणकाचा प्रत्येक भाग दुसऱ्यावर अवलंबून असतो, आणि ज्या भागाशी काम तुंबते तोच साऱ्या यंत्राचा वेग ठरवतो. बाकीचे भाग कितीही महाग असोत, ते त्या वेळी स्वस्थ बसून राहतात. यास्तव पैसा घालावयाचा तो काम तुंबते तेथे, हे ह्या सर्व विवेचनाचे सूत्र आहे.

प्रथम प्रोग्रॅमिंगचे काम घेऊ. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजेल अशा भाषेत उतरवण्याच्या क्रियेला कंपाइल करणे म्हणतात. मोठ्या प्रोग्रॅममध्ये हजारो लहान फायली असतात आणि त्यांतील पुष्कळशा एकाच वेळी निरनिराळ्या कोअरकडे सोपवता येतात. म्हणून प्रोसेसरमध्ये जितके कोअर अधिक तितके बरे, असे कोणीही म्हणेल. परंतु ह्यालाही मर्यादा आहे आणि ती जीन अ‍ॅमडाल ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये दाखवून दिली. लग्नाच्या पंक्तीचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणावा. पोळ्या लाटण्यास आठ जण बसले तर काम झपाट्याने उरकते. पण वरणाची डाळ शिजायला जो वेळ लागतो तो आठ जण चुलीभोवती उभे राहिल्याने कमी होत नाही. समजा, एका कोअरला १०० मिनिटे लागणाऱ्या कामातील ९० मिनिटांचे काम वाटून देता येते व १० मिनिटांचे देता येत नाही. आठ कोअर लावले तर १० अधिक सव्वा अकरा, म्हणजे सुमारे २१ मिनिटे लागतील. सोळा कोअर लावले तर सुमारे साडेपंधरा. कोअर दुप्पट केले, पण वेळ निम्मा झाला नाही. सहा मिनिटेसुद्धा वाचली नाहीत. ह्यावरून मध्यम खर्चात सहा ते आठ दमदार कोअरांचा प्रोसेसर का पुरतो, हे ध्यानात येईल. इंटेलच्या २०२१ नंतरच्या पुष्कळशा डेस्कटॉप प्रोसेसरांत मोठे व लहान असे दोन प्रकारचे कोअर असतात. त्यामुळे खोक्यावरील नुसता आकडा पाहून दोन कंपन्यांच्या मालाची तुलना करणे फसवे ठरते.

प्रोग्रॅमिंगची दुसरी गरज म्हणजे रॅम. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या टिफ्रॅक ह्या संगणकाची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने १० किलोबाइट. आजच्या ३२ गिगाबाइटच्या रॅममध्ये तशा तेहतीस लाखांहून अधिक स्मृती मावतील. एवढी प्रचंड जागा लागते तरी कशाला? तर प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन, शेजारी उघडलेले ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब, मोबाइलचे अ‍ॅप तपासण्यासाठी पडद्यावर चालवलेला कृत्रिम फोन, हे सर्व एकाच वेळी रॅममध्ये नांदत असते. जागा संपली की संगणक तात्पुरता मजकूर डिस्कवर ठेवू लागतो, आणि डिस्क रॅमपेक्षा फारच मंद असल्यामुळे सारे यंत्र अडखळते. ह्या दोन्ही कामांसाठी १६ गिगाबाइट म्हणजे जेमतेम, तर ३२ गिगाबाइट म्हणजे समाधानकारक. ती एका पट्टीत न घेता १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. कारण तसे केल्याने प्रोसेसर व रॅम ह्यांच्यातील दोन्ही वाटा खुल्या होतात.

आता व्हिडिओ संपादनाकडे वळू. येथे थोडे गणित केल्यावाचून भागणार नाही. ज्याला आपण फोरके म्हणतो त्या चित्राची रुंदी ३,८४० व उंची २,१६० बिंदूंची असते. म्हणजे एका चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एक चित्र सुमारे २५ मेगाबाइटचे होते, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. म्हणजे उघड्या स्वरूपात सेकंदाला सुमारे ६२० मेगाबाइट! कॅमेरा एवढी माहिती साठवत नाही. तो ती दाबून बसवतो. सेकंदाला १०० मेगाबिट ह्या सर्वसाधारण दराने तीच माहिती साडेबारा मेगाबाइटांत, म्हणजे जवळजवळ पन्नासाव्या हिश्शात येते.

ही एक गोष्ट समजली की पुष्कळ गैरसमज दूर होतात. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट वाचणे हे साध्या डिस्कलाही अवघड नाही. अवघड आहे ते दाबलेली माहिती सेकंदाला पंचवीस वेळा पुन्हा उलगडणे. संपादन करताना चित्र अडखळते ते बहुधा ह्या उलगडण्यापाशी. एच.२६४ व त्यानंतर २०१३ मध्ये आलेली एच.२६५ ह्या माहिती दाबण्याच्या प्रचलित पद्धती आहेत. दुसरी अधिक दाबते, म्हणून उलगडण्यासही अधिक श्रम पडतात. हे काम प्रोसेसरच्या कोअरांवर न टाकता त्यासाठीच बनवलेल्या खास मंडलाकडे देता येते. इंटेलने असे मंडल २०११ पासून आपल्या प्रोसेसरमधील ग्राफिक्स विभागात बसवले आहे. मात्र ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते त्यात हा ग्राफिक्स विभाग वापरता येत नाही. थोड्या स्वस्ताईसाठी 'एफ' घेणाऱ्या संपादकाने आपण काय सोडतो आहो हे जाणूनच सोडावे.

यापुढे जाऊन कॅमेऱ्याचाही विचार हवा. काही कॅमेरे रंगाची माहिती अधिक सविस्तर साठवतात. त्या प्रकाराला ४:२:२ म्हणतात. एच.२६५ पद्धतीतील असे दहा-बिटी चित्रण इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनची अंगभूत ग्राफिक्स सहज उलगडतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना ही क्षमता २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून लाभली. म्हणजे जुने पण महाग कार्ड ह्या एका कामात साध्या प्रोसेसरपुढे हार खाऊ शकते. यास्तव आपला कॅमेरा कोणत्या प्रकारच्या फायली देतो हे खरेदीपूर्वी पाहावे. आणि सध्याचा संगणक अगदीच अडखळत असेल, तर नवा घेण्याआधी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. मूळ फायलींच्या कमी आकाराच्या नकला, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, तयार करून त्यांवर संपादन करावे. शेवटच्या फिल्मसाठी मूळ फायली वापरल्या जातात. पुष्कळांची गरज एवढ्यानेच काही काळ भागते.

मग ग्राफिक्स कार्ड कशाला? रंगदुरुस्ती, चित्रातील खरखर कमी करणे, निरनिराळे परिणाम देणे ही कामे एकाच वेळी लाखो बिंदूंवर करावयाची असतात आणि तेथे हे कार्ड खरोखर उपयोगी पडते. कंपाइल करण्यास मात्र त्याची मदत होत नाही. फोरके कामासाठी कार्डाची स्वतःची स्मृती किमान ८ गिगाबाइट असावी. १२ किंवा १६ असल्यास मोकळीक मिळते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम लिहावयाचे असतील तर त्यांची बरीच साधने एनव्हिडियाच्या कुडा ह्या प्रणालीवर बेतलेली आहेत, हेही लक्षात घ्यावे.

साठवणुकीचा प्रश्न वेगाइतकाच, किंबहुना वेगाहून अधिक महत्त्वाचा आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये हवी ती माहिती सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद नुसती वाट पाहावी लागते. एनव्हीएमई जातीच्या एसएसडीमध्ये फिरणारे काही नसल्यामुळे ही प्रतीक्षा एक दशांश मिलिसेकंदाच्या आत येते. हजारो लहान फायली वाचणाऱ्या प्रोग्रॅमरला हा फरक मोठा आहे. पण संपादकाला जागाही हवी. वर सांगितलेल्या दराने एका तासाचे चित्रण ४५ गिगाबाइटचे होते. दोन कॅमेऱ्यांनी सहा-सहा तास लग्न टिपले तर ५४० गिगाबाइट झाले. म्हणजे १ टेराबाइटच्या एसएसडीत दुसऱ्या लग्नाला जागा उरत नाही! म्हणून चालू कामासाठी एसएसडी व संग्रहासाठी स्वस्त, मोठी हार्ड डिस्क अशी जोडी योग्य होय. ह्याखेरीज संगणकाच्या बाहेर ठेवलेली आणखी एक डिस्क हवीच. बिघडलेला प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येतो. लग्न पुन्हा लागत नाही. ते चित्रण ज्याने एकाच डिस्कवर ठेवले, त्याने दुसऱ्याचा ठेवा उघड्यावर टाकला असेच म्हटले पाहिजे.

आता ज्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते त्या एसएमपीएसकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागाकडे येऊ. मध्यम प्रोसेसरला ऐन कामात सुमारे ९० वॅट, मध्यम ग्राफिक्स कार्डाला १८० व बाकीच्या भागांना ७०-८० वॅट धरले तर बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. क्षणिक उसळ्या धरून ५५० ते ६५० वॅटचा, नामांकित बनावटीचा एसएमपीएस घ्यावा. त्यावरील '८० प्लस' हे चिन्ह वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. संरक्षणाची ग्वाही देत नाही. हलका एसएमपीएस जळताना कित्येकदा मदरबोर्डही घेऊन जातो. घरातील अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएस घेताना त्यावरील व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हेत हे ध्यानात ठेवावे. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच्या आसपासच भार उचलतो.

उन्हाळ्याचेही गणित आहे. ९५ अंश सेल्सियस ही ज्याची मर्यादा आहे असा प्रोसेसर २५ अंशांच्या खोलीत असेल तर उष्णता बाहेर जाण्यास ७० अंशांचा उतार मिळतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर गेली की तो उतार ५३ अंशांचा राहतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती सुमारे पाव हिश्शाने घटते. मग प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. म्हणून कॅबिनेट घेताना पुढील बाजूस जाळी आहे काय, पंखे किती, धूळ अडवणारी जाळी काढून धुता येते काय हे पाहावे. रंगीत दिव्यांनी वारा वाढत नाही.

राहता राहिला मदरबोर्ड. तो वेग देत नाही, भविष्य देतो. एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या एएम५ सॉकेटला निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देण्याचे जाहीर केले आहे. असा बोर्ड घेतल्यास पुढे केवळ प्रोसेसर बदलून काम भागते. रॅमच्या चार जागा व एसएसडीच्या दोन जागा असलेला साधा बोर्ड पुरेसा आहे.

रुपयांचे आकडे मुद्दाम देत नाही. भाव पालटत राहतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीचा माल उचलल्यामुळे रॅमचे भाव कसे भडकले हे आपण पाहिले. त्यापेक्षा प्रमाण लक्षात ठेवणे बरे. पडदा वगळून शंभर रुपये खर्चावयाचे असतील तर माझ्या मते ग्राफिक्स कार्डाला २३, प्रोसेसरला २०, रॅमला १६, साठवणुकीला १४, मदरबोर्डला १३, एसएमपीएसला ७ आणि कॅबिनेट व पंख्यांना ७, अशी वाटणी समतोल ठरावी. प्रोग्रॅमिंग अधिक असेल त्याने कार्डातील पाच रुपये काढून प्रोसेसर व रॅममध्ये घालावेत. रंगदुरुस्ती अधिक करणाऱ्याने मदरबोर्ड व प्रोसेसरमधून थोडे काढून कार्डात घालावेत. एसएमपीएसच्या सात रुपयांना मात्र कोणीही हात लावू नये.

खरेदी करताना प्रत्येक भागाचे पक्के बिल, त्यावर अनुक्रमांकासह, घ्यावे. वॉरंटी भागागणिक निरनिराळी असते. जुळणी झाल्यावर दुकानातच आपली स्वतःची एखादी व्हिडिओ फाइल चालवून पाहावी. घरचे वर्ष-दोन वर्षांचे साठवलेले पैसे ज्या यंत्रात जातात, त्याची परीक्षा दुसऱ्याच्या शिफारशीवर सोडण्यात अर्थ नाही. आपल्या कामाची नाडी ज्याला सापडली, त्याला बाजारातील शंभर नावे पाठ नसली तरी चालते. दुकानदाराने विचारलेल्या "बजेट किती?" ह्या प्रश्नाला तो रकमेबरोबर आपल्या कामाचा हिशोबही सांगू शकतो, आणि मग दुकानदारही त्याच्याशी निराळ्या आदराने बोलू लागतो.