राखीव मोबाइल : हँडसेट स्वस्त, सांभाळ महाग

लोकलच्या गर्दीत मोबाइल चोरीला गेला, पावसात भिजला किंवा दुरुस्तीला द्यावा लागला, की संपर्क तुटतोच; शिवाय बँकेचे ओटीपीही थांबतात. अशा प्रसंगी हाताशी असावा म्हणून बटणांचा साधा फोन आणि एक प्रीपेड सिम घरात घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते. मात्र खरेदी करताना केवळ किमतीकडे पाहिले, तर ऐन गरजेच्या वेळी हा फोन मुका निघण्याची शक्यता असते. दोष बहुधा हँडसेटचा नसतो, तर सिमचा आणि त्याच्या वैधतेचा असतो.

सिम आणि फोन यांचा मेळ

चोरीनंतर राखीव फोनची कामे दोन. पहिले, हरवलेले सिम व बँक खात्याचे व्यवहार रोखण्यासाठी तातडीने कॉल करणे. दुसरे, मूळ क्रमांकाचे डुप्लिकेट सिम मिळाल्यावर ते त्यात घालून ओटीपी मिळवणे. त्यामुळे हँडसेट दोन सिमचा असावा आणि नेहमीच्या कंपनीचे सिमही त्यात चालावे.

येथेच अनेकांची फसगत होते. रिलायन्स जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली, तीच फोरजीवर. या कंपनीचे टूजी जाळे नसल्याने स्वस्त टूजी फोनमध्ये तिचे सिम चालत नाही. त्यासाठी व्होल्टे सुविधेचा फोरजी फोन लागतो. उलटपक्षी, जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेल्या ‘जिओ भारत’ फोनमध्ये अन्य कंपन्यांचे सिम चालत नाही. म्हणून खोक्यावर टूजी की फोरजी हे आधी वाचावे. मुख्य फोनमध्ये ई-सिम असेल, तर ते काढून साध्या फोनमध्ये घालता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. राखीव सिम शक्यतो दुसऱ्या कंपनीचे घ्यावे, म्हणजे एका कंपनीचे जाळे कोलमडले तरी दुसरा मार्ग उरतो.

खरा खर्च रिचार्जचा

एकेकाळी ‘लाइफटाइम’ कार्ड घेतले की इनकमिंगची चिंता नसे. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली आणि ती सोय संपली. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, इंटरनेटविना केवळ कॉल व एसएमएस देणारे प्लॅन उपलब्ध करणे बंधनकारक केले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने असे प्लॅन ८४ दिवसांसाठी ४६९ रुपये, तर वर्षभरासाठी १,८४९ रुपये या दराने आणले. दर वेळोवेळी बदलतात. पण दीड हजारांच्या फोनला वर्षाचे रिचार्ज त्याहून महाग पडू शकते, हे गणित खरेदीपूर्वीच मांडलेले बरे.

सिम वापरलेच नाही तर काय? ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस वापर झाला नाही, तरी खात्यात २० रुपये वा अधिक शिल्लक असल्यास क्रमांक बंद करता येत नाही. मात्र ही तरतूद क्रमांक राखण्यापुरती आहे. कॉलसाठी वैध प्लॅन लागतोच. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तो बँकेत नोंदवलेला असेल, तर खात्याचे संदेश अनोळखी माणसाच्या हाती पडतात. म्हणून राखीव क्रमांक बँक खात्याला जोडू नये. जोडला असल्यास तो सोडण्यापूर्वी नोंद बदलून घ्यावी.

खरेदी आणि देखभाल

फोन बिलासह घ्यावा. *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. जुना फोन घेताना ही दक्षता अधिकच हवी, कारण तो चोरीचा असू शकतो. के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि पुढे आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवल्यास फोनची माहिती मिळते. सिम स्वतःच्याच नावावर घ्यावे. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येते.

बॅटरी पूर्ण उतरू देऊन फोन कपाटात टाकू नये. साधारण निम्मी चार्ज ठेवावी. महिन्यातून एकदा फोन सुरू करून एक कॉल करावा. घरचे, बँकेचे आणि डॉक्टरांचे क्रमांक फोनमध्येच साठवावेत. स्मार्टफोनमधील यादी त्यात आपोआप येत नाही. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चे बटण दाबून धरल्यास आपत्कालीन कॉल लागण्याची सोय बंधनकारक आहे. आपल्या फोनमध्ये ते कोणते बटण आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहून घरातील ज्येष्ठांना आणि मुलांना आजच दाखवून ठेवावे.