दशावतारी रंगभूषा व वेशभूषा

दशावतारी रंगभूषा व वेशभूषा म्हणजे दशावतार या लोकनाट्यातील नटांचा साजशृंगार होय. कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीपलीकडील सिंधुदुर्ग जिल्ह्यात व गोव्यात देवळांच्या जत्रांतून हे नाट्य रात्रभर चालते.

दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक आधी ठरते. संवाद मात्र नट रंगमंचावर आयत्या वेळी रचतात. म्हणूनच येथे वेशाला शोभेपेक्षा अधिक महत्त्व आहे. पात्र तोंड उघडण्यापूर्वी ते देव, राजा की राक्षस, हे प्रेक्षकाला कळावे लागते आणि समोरच्या नटालाही त्यावरूनच बोलण्याचा रोख धरता येतो.

स्वतंत्र रंगभूषाकार नसतो. प्रत्येक नट आरसा समोर घेऊन आपला चेहरा आपणच रंगवतो. राजाला टोप व भरजरी अंगरखा, राक्षसाला दाट भुवया व उग्र रंगरेषा असतात. पूर्वरंगातील गणपती मुखवटा धारण करतो, तर वेद पळवणारा संकासुर काळ्या वेशात येतो. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. त्यात लुगडे व दागिने यांइतकेच चालीला आणि आवाजाला महत्त्व असते. केवळ नेसण्याने ती भूमिका उभी राहत नाही.

हा सारा सरंजाम पेटाऱ्यात राहतो व पेटाऱ्याची पूजा होते. वाहने नव्हती तेव्हा नट तो डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालत जात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यावरूनच रूढ झाली.