वाड्यातली मार्टिनी आणि न मिळणारे काडतूस



रानडुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरून टाकला की घरातले कोणीतरी माळ्यावरच्या जुन्या बंदुकीची आठवण काढते. बंदूक असते, पण तिला लागणारे काडतूस बाजारात मिळत नाही. मग गावातला एखादा हिकमती माणूस म्हणतो, "जुन्या पुंगळ्या आणा, मी भरून देतो." त्याला होकार देण्याआधी हे काडतूस म्हणजे काय प्रकरण आहे, ते समजून घ्या.

आपल्याकडच्या काही जुन्या वाड्यांत मार्टिनी-हेन्री नावाची रायफल आढळते. ब्रिटिश फौजेने ती १८७१ साली स्वीकारली. मुठीखालची दांडी खाली ओढली की मागची कोठी उघडते, एक काडतूस घालायचे, दांडी वर घ्यायची आणि चाप ओढायचा. दर वेळी एकच काडतूस. ते मागे जाड आणि पुढे बाटलीसारखे निमुळते असते. शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची, म्हणजे अडीच तोळ्यांहून जड. गोळीभोवती कागद गुंडाळलेला असे आणि मागे काळी दारू ठासलेली असे.

आरंभीच्या पुंगळ्या पितळेच्या पातळ पत्र्याच्या गुंडाळीच्या होत्या. नळी तापली की त्या आतच चिकटून फाटत. सुदानच्या लढाईत, १८८५ साली, ऐन धुमश्चक्रीत शिपायांच्या रायफली अशा अडकून पडल्या. मग एकसंध ओढीव पितळेच्या पुंगळ्या आल्या. त्या काळातही काडतूस बनवणे हे कारखान्याचेच काम होते. आपल्या पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे.

पुढे १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू शोधली आणि सगळेच बदलले. ब्रिटिश फौजेने १८८८ पासून .३०३ मापाची नवी रायफल घेतली. मार्टिनी मागे पडली, पण नाहीशी झाली नाही; सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती ती पुष्कळ होती. शिकाऱ्यांसाठी येणाऱ्या .४५० मापाच्या काडतुसांतल्या गोळ्या काढून या रायफलींसाठी वापरतील, या धास्तीने सरकारने १९०७ साली हिंदुस्थानात व सुदानात त्या मापाच्या दारूगोळ्याची आयातच बंद केली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांना मग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढावी लागली. जुन्या रायफलीसाठी काडतूस भरण्याची युक्ती सरकारलाही तेव्हापासून ठाऊक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आज इंग्लंड-अमेरिकेत या रायफलींचे शौकीन आहेत. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातल्या हजारो बंदुका २००३ च्या सुमारास विकल्या गेल्या, त्यांत मार्टिनीही होत्या. मोठ्या कारखान्यांनी काडतुसे बनवणे केव्हाच सोडलेले, म्हणून हे लोक ती स्वतः भरतात. २४ नंबरच्या छर्‍याच्या बंदुकीची पितळी पुंगळी घेऊन ती साच्यातून दाबत दाबत निमुळती करतात. पितळ कडक होऊन तडकू नये म्हणून मधून मधून तापवून मऊ करतात. त्याआधी जाणकार कारागिराकडून रायफल तपासून घेतात आणि कोठीचा ठसा घेऊन माप काढतात, कारण झिजलेल्या दोन रायफलींच्या कोठ्या सारख्या निघत नाहीत. पहिली गोळी खांद्याला लावून झाडत नाहीत. रायफल घोडीला बांधून, दूर आडोशाला उभे राहून दोरीने चाप ओढतात. ज्यांच्याकडे साचे, मापे, पुस्तके आणि कायद्याची मुभा आहे, ते इतके भितात. आपल्या हिकमती माणसाकडे पक्कड आणि चमचा असतो!

खरा घात होतो तो दारूत. काळी दारू मंद रेट्याने जळते. जुन्या पुंगळ्या तिने भरण्यासाठीच मोठ्या केलेल्या आहेत. बिनधुराची दारू तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त जोर करते. जुन्या मापाने ती भरली, किंवा दोन्ही मिसळल्या, की नळी फुटते, आणि फुटते ती गालाजवळ आणि डाव्या हाताजवळ. मोटेच्या नाड्याने ट्रॅक्टर ओढायला जाण्यातलाच हा प्रकार. जुन्या छर्‍याच्या बंदुकीच्या नळीवर नागमोडी रेघांची नक्षी असेल, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून सांधून केलेली आहे. ती काळ्या दारूपुरतीच होती, आणि आतून गंज चढला असेल तर तिचा तेवढाही भरवसा धरू नका.

जुनी शाबूत काडतुसेही निर्धोक नसतात. पूर्वीच्या टोप्यांतल्या पाऱ्याने पितळ ठिसूळ होते. कधी चाप ओढल्यावर बार लगेच होत नाही, काही क्षणांनी होतो. "फुसका निघाला" म्हणून कोठी उघडणाऱ्याच्या तोंडावरच तो होतो.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. "शोभेची वस्तू आहे" असे म्हणून सुटका होत नाही. कलम ४५ ची सूट फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे. नुसता चाप बसवून चालू होणारी रायफल त्यात येत नाही. शिवाय रानडुकरावर वनखात्याच्या परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही. नुकसान झाले तर लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. भरपाई नेहमीच पुरेशी मिळत नाही हे मला ठाऊक आहे, पण फुटलेल्या नळीची भरपाई कोणीच देत नाही.

वडील किंवा आजोबा वारले आणि परवाना त्यांच्याच नावावर असेल, तर बंदूक घरात ठेवू नका. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूकविक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज द्या. माळ्यावर काडतुसे सापडली तर ती ठोकू, उघडू किंवा चुलीजवळ ठेवू नका, पिशवीत घालून एस. टी. ने नेऊ नका. पोलीस ठाण्याला कळवा, ते सांगतील तसे करा. बंदूक जमा करताना नळीवरचा नंबर पावतीवर लिहिला आहे का तो तिथेच पाहा, आणि पावती सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा.