कापण्यासाठी काढलेले चित्र

गोधडी ही आपल्याकडे चित्रकाराची वस्तू कधीच नव्हती. जुनी लुगडी, विरलेली धोतरे, पोरांच्या अंगड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून घरची म्हातारी धावदोरा घालीत जाते आणि हिवाळ्याची सोय होते. कोणता तुकडा हाती येईल, हे तिच्या इच्छेवर नसते. परंतु अमेरिका, इंग्लंड, जपान या देशांत गोधडीसाठी म्हणून वेगळे सुती कापड छापले जाते आणि त्यासाठी चित्रकार फुलापानांच्या नक्षींचा एक संचच तयार करतो. हे काम कसे चालते आणि आर्णीसारख्या कापसाच्या गावाने त्यात लक्ष का घालावे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट ही की, हे चित्र कापले जाणार असते. भिंतीवरचे चित्र अखंड राहते; गोधडीच्या कापडाचे वीतभर, कधी चार बोटांचे तुकडे होतात. म्हणून संचात मोठी, मध्यम व बारीक अशा तिन्ही मापांच्या नक्षी ठेवतात. मोठ्या नक्षी दोन-तीनच पुरतात; बाकीच्यांनी टाळाप्रमाणे साथ करावयाची. रंग मात्र सर्वांचे ठरावीक पाच-सहांतूनच घेतलेले असतात. त्यामुळे कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याशेजारी शोभतो.

निसर्ग शोधण्यास लांब जावयास नको. आपली पऱ्हाटीच पाहावी. देशी कपाशीचे फूल बहुधा पिवळे, आत तांबडा-जांभळा डाग. अमेरिकन जातीचे फूल उमलताना दुधी, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एकाच झाडावर दोन्ही रंग एका वेळी दिसतात. मोठ्या नक्षीस हे फूल व फुटलेले बोंड, मध्यम नक्षीस पळसाची त्रिदळे, बारीक नक्षीस सरकीचे दाणे आणि अरुणावतीच्या वाळूवरील रेघा घेता येतील. मात्र बोंड समोर ठेवून काढावे. पुस्तकातून उतरवलेले बोंड शेतकरी लगेच ओळखतो.

दुसरी गोष्ट जोडाची. कापडावर एकच चित्र पुनःपुन्हा छापतात, म्हणून त्याची उजवी कड डावीशी आणि खालची वरचीशी बेमालूम जुळली पाहिजे. युक्ती सोपी आहे. कागदाच्या मध्यावर चित्र काढावे, कडा मोकळ्या ठेवाव्यात. मग कागदाचे चार सारखे भाग कापून कोनाकोनीच्या तुकड्यांची अदलाबदल करावी. बाहेरच्या कडा आत येतात आणि मध्ये मोकळी जागा पडते. ती भरली की जोड जुळला. छपाईच्या फिरत्या जाळीच्या नळीचा घेर बहुधा ६४ सेंटिमीटर असतो. चित्र त्या मापात पुरे बसावे लागते. प्रत्येक रंगास वेगळी नळी, म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो. संगणकावरून थेट होणाऱ्या छपाईने ही दोन्ही बंधने आता सैल केली आहेत.

विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंताने आपल्या बागेत स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी पाहून १८८३ साली एक प्रसिद्ध नक्षी केली. त्याच वर्षी तो समाजवादी चळवळीत उतरला. नक्षीचा प्रश्न हा मजुरीचाही प्रश्न आहे, हे आम्हांला मात्र उशिरा कळले. आमच्या ओळखीच्या एका मुलीची नक्षी एका व्यापाऱ्याने एकरकमी पैसे देऊन घेतली; करार नाही, चिठ्ठी नाही. पुढे तीच नक्षी बाजारात थानच्या थान विकली गेली. मजुरीचे कायदे आम्हांस पाठ होते. नक्षीचा कायदा वाचलेला नव्हता.

तो असा आहे. २००० च्या डिझाइन्स कायद्याप्रमाणे नोंदलेल्या नक्षीवर दहा वर्षे, आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे हक्क राहतो. नोंदणीयोग्य नक्षी न नोंदता, मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने यंत्रावर तिचे पन्नासांहून अधिक नग काढले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिच्यावरील कॉपीराइट संपतो. नक्षी आधीच प्रसिद्ध झाली, तर नोंदणीही सहसा मिळत नाही.

आपला कापूस रुई होऊन गावाबाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. नक्षी तरी आपण विनानोंद जाऊ देऊ नये. ज्या घरात रांगोळी काढणारा हात आहे, त्या घराने कागदावर तारीख घालावी, सौदा लेखी करावा आणि पहिले थान छापण्यापूर्वी नोंदणीचा अर्ज करावा.