फजरनंतरचा एक तास

"आपा, चाळिशीत पुस्तक हातात घेतलं तर लोक हसतील ना?" माझ्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीने विचारलं. बारावीनंतर निकाह झाला. आता त्या दवाखान्यात केसपेपर काढतात. पदवी नसल्याने बढती अडली आहे.

"हसू द्या. तुम्ही अर्ज भरा," मी म्हटलं.

मराठीतून शिकायचं असेल तर १९८९ साली स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. उर्दूतून शिकायचं असेल तर हैदराबादचं मौलाना आझाद नॅशनल उर्दू विद्यापीठ आहे. फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोची मान्यता आहे का, हे मात्र स्वतः पाहावं. "सहा महिन्यांत पदवी" सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावं. वैद्यकीय, अभियांत्रिकीच्या पदव्या अशा घरबसल्या मिळत नाहीत.

एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास. फजरनंतर रोज एक तास दिला तर चार महिने लागतात. स्वाध्याय मात्र शेवटच्या तारखेवर ढकलू नयेत.

त्यांनी प्रवेश घेतला आहे. लेक दहावीला, अम्मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. दोघी एकाच दिव्याखाली बसतात. पहिली परीक्षा अजून व्हायची आहे.

घरच्या पुरुषांना एवढीच विनंती, त्या तासाभरात चहा स्वतः करून घ्या. जमलं तर एक कप त्यांनाही द्या.